टीव्हीवरील लक्ष्यित जाहिरात: निवड घरातल्या पेटीत व्हावी की कंपनीच्या सर्व्हरवर?

मूळ लेख – अवलोकन

वाहिनी एक, कार्यक्रम एक, क्षणही तोच. तरीही शेजारशेजारच्या दोन घरांत मध्यंतरात वेगवेगळ्या जाहिराती दिसू शकतात, ही गोष्ट तंत्रज्ञानाच्या दृष्टीने आता जुनी झाली. ब्रिटनमधील स्काय या उपग्रह सेवेने २०१४ मध्ये 'अॅडस्मार्ट' ही पद्धत सुरू केली. तिच्यात अनेक जाहिराती उपग्रहावरून आधीच पाठवून घरोघरच्या सेट-टॉप बॉक्समध्ये साठवून ठेवल्या जातात. प्रक्षेपणातून प्रेक्षकाला न दिसणारी खूण आली की बॉक्स मूळ जाहिरात बाजूला सारतो आणि त्या घराला लागू पडणारी साठ्यातली जाहिरात नेमकी त्याच जागी लावतो. पाहणाऱ्याला सांधा जाणवत नाही.

या रचनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, कोणती जाहिरात दाखवायची हा शेवटचा निर्णय घरातल्या पेटीत, म्हणजे सेट-टॉप बॉक्समध्ये, होतो. स्मार्ट टीव्हीमध्ये रूढ झालेली दुसरी पद्धत नेमकी याच्या उलट आहे. तिला स्वयंचलित आशय-ओळख, म्हणजे एसीआर, म्हणतात. टीव्ही स्वतःच्या पडद्यावरील चित्राचे किंवा आवाजाचे नमुने घेत राहतो, त्यांचा एक संक्षिप्त 'ठसा' तयार करून सर्व्हरकडे पाठवतो, आणि सर्व्हर तो आपल्या संग्रहाशी ताडून या घरात या क्षणी काय चालू आहे ते ओळखतो. चित्र केबलमधून आले, डीव्हीडीवरून आले की दुसऱ्या उपकरणातून, याने काही फरक पडत नाही, कारण ठसा थेट पडद्यावरूनच घेतलेला असतो.

यातून काय होऊ शकते हे व्हिझिओ या अमेरिकी टीव्ही कंपनीच्या प्रकरणात उघड झाले. तेथील संघीय व्यापार आयोगाच्या तक्रारीनुसार सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवरून सेकंदा-सेकंदाची नोंद गोळा केली जात होती, तिला वय, लिंग, उत्पन्न, वैवाहिक स्थिती अशी माहिती जोडली जात होती आणि ती इतरांना विकली जात होती. ज्या सुविधेखाली हे चालले होते तिचे सेटिंगमधील नाव 'स्मार्ट इंटरॅक्टिव्हिटी' असे होते, आणि तिच्यामुळे कार्यक्रमांविषयी सवलती व सूचना मिळतील एवढेच प्रेक्षकाला सांगितले होते. बहुतेक टीव्हींवर दोन वर्षांहून अधिक काळ अशी एकही सवलत किंवा सूचना आली नव्हती. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून हे प्रकरण मिटवले.

लक्ष्यित जाहिरातीला माझा विरोध नाही. पाहण्याची घरनिहाय नोंद घराबाहेर जाण्याला माझा विरोध आहे. जाहिरात निवडायची तर ती पेटीतच निवडली जावी, जाहिरातदाराला किती घरांत ती दिसली याची एकूण बेरीज मिळावी, आणि पडद्याचे ठसे घेणारी सुविधा मुळातच बंद अवस्थेत यावी, असे माझे मत आहे. विरुद्ध बाजू असणाऱ्यांनी ती सविस्तर मांडावी.

प्रतिसाद – माध्यमवेध

आपल्या मांडणीत खर्चाची बाजू जवळजवळ आलेलीच नाही, म्हणून ती मांडतो. पारंपरिक टीव्ही जाहिरातीत साऱ्या प्रक्षेपणक्षेत्राचे पैसे मोजावे लागतात. एका भागापुरता व्यवसाय असणाऱ्याला हे कधीच परवडले नाही, त्यामुळे टीव्ही वर्षानुवर्षे बड्या जाहिरातदारांचेच माध्यम राहिले. ठरावीक भागातल्या ठरावीक घरांपुरती जाहिरात विकत घेता आली, तरच लहान व्यावसायिक या माध्यमात पाऊल ठेवू शकतो. फ्रान्सने ५ ऑगस्ट २०२० च्या अध्यादेशाने अशा जाहिरातींना परवानगी दिली ती याच स्पर्धेचा विचार करून, कारण वाहिन्यांना जे करण्यास मनाई होती तेच इंटरनेटवरील कंपन्या उघडपणे करत होत्या आणि जाहिरातींचा पैसा तिकडे वाहत होता.

आता आपल्या 'फक्त बेरीज' या अटीविषयी. जाहिरात किती घरांत दिसली एवढ्यावर आजचा जाहिरातदार समाधानी नसतो. ती पाहिल्यावर कोणी संकेतस्थळावर आले का, खरेदी केली का, हे त्याला हवे असते, आणि मोबाइलवरील जाहिरात त्याला ते सांगते. टीव्हीने हे सांगायला नकार दिला, तर पैसा आणखी वेगाने त्या पडद्याकडे जाईल जिथली पाळत टीव्हीपेक्षा कितीतरी सखोल आहे. गोपनीयतेच्या नावाखाली आपण कमी पाळतीचे माध्यम दुबळे करून अधिक पाळतीचे माध्यम पोसू, असे मला वाटते, आणि ही भीती मी पूर्ण गांभीर्याने मांडत आहे.

प्रतिसाद – तारायंत्र

प्रक्षेपण तंत्रज्ञानाशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून दोन तांत्रिक गोष्टी स्पष्ट करतो. त्या दोन्ही पक्षांना थोड्या अडचणीच्याच ठरतील.

पहिली गोष्ट अशी की, निवड पेटीत होते याचा अर्थ माहिती पेटीतच राहते असा होत नाही. स्कायच्या पद्धतीत घराचा वर्ग ठरतो तो ग्राहकाच्या खात्यातील माहितीवरून आणि एक्स्पेरियनसारख्या माहितीविक्रेत्या कंपन्यांकडून घेतलेल्या माहितीवरून. म्हणजे 'हे घर अमुक उत्पन्नगटातले' हा शिक्का आधी बाहेर तयार होतो. पेटी त्या शिक्क्यानुसार साठ्यातली जाहिरात उचलते एवढेच. धागाकर्त्यांनी निवड कुठे होते हे विचारले आहे. शिक्का कुठून आला हेही तितक्याच आग्रहाने विचारायला हवे.

दुसरी गोष्ट इंटरनेटवरून येणाऱ्या कार्यक्रमांची. तिथे पुष्कळदा जाहिरात सर्व्हरवरच कार्यक्रमाच्या प्रवाहात शिवली जाते. प्रक्षेपणात जाहिरातीची जागा दाखवण्यासाठी एससीटीई-३५ नावाच्या मानकातील खुणा वापरतात; तशाच खुणा या प्रवाहातही असतात, आणि सर्व्हर त्या जागी प्रत्येक प्रेक्षकासाठी वेगळी जाहिरात बसवून एकसंध प्रवाह पाठवतो. टीव्हीला जाहिरात आणि कार्यक्रम यांतला फरक कळतही नाही. अशा ठिकाणी पेटीला निवडण्यासारखे काही उरतच नाही, आणि कोणता कार्यक्रम मागितला हे सेवादात्याला तसेही ठाऊक असते. त्यामुळे धागाकर्त्यांची सूचना प्रक्षेपणाला आणि एसीआरला लागू पडते. साऱ्या टीव्हीला लागू पडेल असे समजू नये.

प्रतिसाद – अवलोकन

तारायंत्र यांचे आभार. शिक्क्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो माझ्या मागणीत सामावतो: घराचा वर्ग ठरवायचाच असेल तर तो पेटीतल्याच पाहण्यावरून, पेटीतच ठरावा. ही कल्पना माझी नाही. २०१० मध्येच स्टॅनफर्ड आणि न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी ब्राउझरसाठी 'अॅडनॉस्टिक' ही रचना मांडली होती. तिच्यात वापरकर्त्याची आवड त्याच्याच संगणकावर ठरते, सर्व्हर अनेक जाहिराती एकदम पाठवतो आणि त्यांतली एक ब्राउझर निवडतो. कोणती निवडली हेदेखील सर्व्हरला घरनिहाय कळू नये आणि तरीही बिलाची बेरीज बरोबर यावी, यासाठी त्यांनी कूटलेखनाचा, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात झाकण्याचा, उपाय सुचवला होता.

इंटरनेट सेवेच्या बाबतीत मी फरक करतो तो नात्याचा. मी ज्या सेवेकडे कार्यक्रम मागतो तिला तो कळणारच. पण टीव्ही बनवणाऱ्या कंपनीकडे मी काहीच मागितलेले नसते. दुसऱ्याच उपकरणातून त्या पडद्यावर आलेले चित्र तिने टिपून घ्यावे, याला माझ्या लेखी कोणताही आधार नाही.

प्रतिसाद – उंबरठा

मी अवलोकन आणि माध्यमवेध या दोघांच्याही विरोधात आहे, आणि माझा आक्षेप अगदी वेगळ्या जागी आहे. मोबाइल एका माणसाचा असतो. टीव्ही घराचा असतो. तो अनेकजण एकत्र पाहतात, त्यात मुले असतात, वयस्क असतात, पाहुणे असतात. सेटिंगमधील 'मान्य आहे' हे बटण दाबतो तो एकजण, बहुधा ज्याने टीव्ही जोडला तो, आणि ती संमती त्या घरात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या नावावर जमा होते. अशा संमतीला मी संमती म्हणायला तयार नाही.

माहिती पेटीबाहेर गेली नाही तरी हानी होऊ शकते, हे अवलोकन यांच्या लक्षात आलेले दिसत नाही. समजा घरातील एकजण रात्री सगळे झोपल्यावर एखाद्या आजाराविषयीचे कार्यक्रम पाहतो. पेटी ते शिकते, कोणालाही कळवत नाही, अगदी प्रामाणिकपणे स्वतःपाशी ठेवते. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे एकत्र बसलेले असताना त्या आजारावरील उपचाराची जाहिरात लावते. ज्याने ते कोणालाही सांगितले नव्हते त्याचे गुपित त्याच्याच माणसांसमोर फुटते. कंपनीला कळण्यापेक्षा हे कळणे त्याला अधिक जड जाईल. पेटी जितकी हुशार, तितका हा धोका मोठा. म्हणून माझी मागणी अशी की, आरोग्य, धर्म, राजकीय कल, आर्थिक अडचण आणि नातेसंबंध या विषयांवरून घरातील पडद्यावर लक्ष्यित जाहिरात करताच येऊ नये, मग निवड कुठेही होवो. फ्रान्सच्या ज्या अध्यादेशाचा वर उल्लेख आला त्यातही मुलांच्या कार्यक्रमांभोवती अशी जाहिरात नाकारली आहे आणि स्थानिक वृत्तपत्रांचे उत्पन्न राखण्यासाठी जाहिरातदाराचा पत्ता देण्यासही बंदी आहे. परवानगी देतानाच कुंपण घालता येते, याचा हा दाखला आहे.

प्रतिसाद – माध्यमवेध

उंबरठा यांनी सांगितलेले विषय वगळण्यास माझी हरकत नाही. त्या प्रसंगाने मला खरोखर विचारात पाडले. पण अवलोकन यांच्या पेटीतल्या निवडीबाबत माझी शंका वाढलीच आहे. गुगलने ब्राउझरसाठी नेमका हाच मार्ग धरून 'टॉपिक्स' ही पद्धत आणली होती, जिच्यात आवडीचे विषय वापरकर्त्याच्याच यंत्रावर ठरत. अनेक वर्षांच्या चाचण्यांनंतरही तिचा वापर फारसा रुजला नाही आणि २०२५ मध्ये तिच्यासह 'प्रायव्हसी सँडबॉक्स' या गोपनीयता-योजनेतील बहुतेक तंत्रे कंपनीने गुंडाळली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे बाजारात रुजवता आले नाही ते टीव्ही उत्पादकांनी स्वखर्चाने रुजवावे, ही अपेक्षा मला व्यवहारात उतरणारी वाटत नाही. टीव्हीच्या विक्रीतला नफा आधीच बारीक असतो. जाहिरातीचे उत्पन्न गेले तर ते टीव्हीच्या किमतीत दिसेल.

प्रतिसाद – अवलोकन

ते उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. बारकाईने पाळत ठेवणारी जुनी पद्धत शेजारी चालू ठेवून नवी, कमी माहिती देणारी पद्धत ऐच्छिक ठेवली, तर जाहिरातदार जुनीच निवडणार. म्हणूनच मी कायद्याची अट मागतो आहे. किमतीविषयी म्हणाल तर, जास्त किमतीचा पण ठसे न घेणारा टीव्ही आणि स्वस्त पण ठसे घेणारा टीव्ही, असे दोन पर्याय खोक्यावर छापून ग्राहकापुढे ठेवायला काय हरकत आहे? आज तो निवड करतच नाही. त्याला फरक ठाऊकच नसतो.

प्रतिसाद – तारायंत्र

कायदा आला तरी त्याचे पालन कसे तपासणार, हा प्रश्न राहतो, आणि त्याचे उत्तर अर्धे का होईना उपलब्ध आहे. २०२४ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि स्पेनमधील विद्यापीठांच्या संशोधकांनी दोन बड्या कंपन्यांच्या टीव्हींतून बाहेर पडणारी वाहतूक टिपली. एचडीएमआय केबलने संगणक जोडून टीव्हीचा नुसता मॉनिटर म्हणून वापर केला तरी एसीआरच्या सर्व्हरशी संपर्क चालूच राहतो, असे त्यांना आढळले. सेटिंगमधून नकार दिल्यावर मात्र तो संपर्क थांबला. म्हणजे बंद केलेली सुविधा खरोखर बंद झाली की नाही, हे कंपनीच्या शब्दावर न विसंबता बाहेरून तपासता येते.

वाहतूक कूटबद्ध असल्यामुळे ठसा कोणत्या सर्व्हरकडे आणि किती वेळाने गेला एवढेच बाहेरून कळते. त्याच्या आत काय होते ते कळत नाही. अवलोकन यांची 'बाहेर फक्त बेरीज' ही अट तपासायची असेल, तर पाठवल्या जाणाऱ्या माहितीचा साचा आणि ती उघडण्याची किल्ली स्वतंत्र तपासनिसाला देणे उत्पादकावर बंधनकारक करावे लागेल. माझ्या मते कायद्यातले पहिले कलम हेच असावे.