रोमकरांस पत्र ११:३२ मधील ‘सर्व’ म्हणजे नेमके कोण? मदत हवी आहे

पुण्यातील आमच्या बायबल अभ्यासगटात येत्या रविवारी मला रोमकरांस पत्राचा ११वा अध्याय मांडायचा आहे. देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडले ते सर्वांवर दया करावी म्हणून, या ३२व्या वचनातील ‘सर्व’ म्हणजे प्रत्येक माणूस, की यहूदी व परराष्ट्रीय (यहूदी नसलेले) हे दोन्ही समाज, येथे मी अडलो आहे. अध्याय ९ ते ११ सलग वाचले, रानटी फांदी (म्हणजे परराष्ट्रीय) चांगल्या जैतुनावर कलम करण्याचा दाखला (माळी नेमके उलट करतो!) आणि वचने ३०-३१ मला दुसऱ्या अर्थाकडे झुकलेली वाटतात. मात्र गलतीकरांस पत्र ३:२२ मध्ये ‘कोंडणे’ हेच ग्रीक क्रियापद असूनही तेथील ‘सर्व’ नपुंसकलिंगी आहे, येथील पुल्लिंगी. सार्वत्रिक तारणाचा (शेवटी प्रत्येक माणूस तारला जातो का, हा) वाद नको. माझे ग्रीक अक्षरओळखीपुरतेच आहे. येथील ‘सर्व’ या शब्दाआधीच्या ग्रीक उपपदामुळे (इंग्रजी ‘the’सारख्या शब्दामुळे) अर्थ वर उल्लेखिलेल्या दोन समाजांपुरता मर्यादित होतो का?