पोर्टलँडच्या चिनी बागेत, भर पावसात लग्न: कोणी केलंय का?

बीव्हर्टनची_मीरा:
नमस्कार. नोव्हेंबरच्या मध्यावर आम्ही दोघं अमेरिकेत, ओरेगॉनमधल्या पोर्टलँडच्या लान सू बागेत लग्न करतोय. दोन साक्षीदार आणि लग्न लावणारी एक मैत्रीण, एवढीच माणसं. आई म्हणते, "पळून गेल्यासारखं काय करता?" त्यात इथला पाऊस. आडोसा पुरतो का? नऊवारी नेसू का?

केतकी_सातारकर:
मीरा, आम्हीही नोव्हेंबरातच केलं आणि दिवसभर रिपरिप होती. आडोशाची काळजीच सोड. ही बाग चीनमधल्या सुचौ शहराच्या कारागिरांनी बांधली, २००० साली उघडली. चार रस्त्यांच्या मधल्या एका ब्लॉकएवढीच जागा, पण छपराच्या वाटांनी मंडप एकमेकांना जोडलेत. छपराच्या कडेची कौलं खाली टोकदार असतात, प्रत्येक टोकातून पाणी वेगळं गळतं. आपल्या पागोळ्याच! तळ्याकाठच्या मंडपात उभं राहिलं की चारी बाजूंनी त्याच. भोकाभोकांचे ते मोठे दगड भिजून काळे झालेले, त्यांच्या खळग्यांतून पाणी ओघळत होतं. मला तर कोरड्या दिवशी ती बाग अर्धीच वाटते.

अंतरपाट म्हणून बाबांचं उपरणं नेलं होतं. दोन्ही साक्षीदारांनी ते धरलं, मग फोटो काढायला कोणी उरलं नाही. मला त्याची खंत नाही. मंगलाष्टका आजीने व्हिडिओ कॉलवर म्हटल्या. इथले सकाळचे दहा म्हणजे साताऱ्यात रात्रीचे साडेअकरा. "तदेव लग्नं"ला तिचा आवाज कापरा झाला, तो पागोळ्यांच्या आवाजातही ऐकू आला.

नऊवारी जरूर नेस, पण चपला सपाट घाल. अंगणात गोट्यांची नक्षी आहे, भिजली की पाय सटकतो. तळ्यात मासे आहेत, म्हणून अक्षता उधळू नका. आम्ही त्या एकमेकांच्या डोक्यावर हातानेच ठेवल्या.

दादा_हिल्सबोरो:
बागेची परवानगी आधी घ्या. ओरेगॉनमध्ये लग्नाचा परवाना अर्जानंतर तीन दिवसांनी लागू होतो आणि ६० दिवस चालतो. अगदी आदल्या दिवशी धावपळ करू नका.

केतकी_सातारकर:
आणि मीरा, आईला सांगून करतेयस ना? मग पळून जाणं कसलं? तिला कॉलवर मंगलाष्टका म्हणायला सांग.

बीव्हर्टनची_मीरा:
केतकीताई, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मुंडावळ्या कुरिअरने पाठवते, पत्ता दे.