'अ स्टिच इन टाइम': गॅरकचं गुपित झाकलेलंच बरं होतं

पानगळ
(पुढे कथानक फुटलं आहे. मालिका पाहायची असेल तर इथेच थांबा.)

स्टार ट्रेकमधली 'डीप स्पेस नाइन' (१९९३ ते १९९९) ज्यांनी पाहिली त्यांना गॅरक कोण हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: अवकाशस्थानकावर कपडे शिवून पोट भरणारा कार्डासियन (कार्डासिया या परग्रहावरचा), आपल्याच लोकांनी हद्दपार केलेला. तो मुरलेला हेर होता हे सगळ्यांना कळून चुकलेलं असतं, पण विचारलं की 'मी आपला साधा शिंपी'. ही भूमिका करणाऱ्या अँड्र्यू रॉबिन्सन यांनीच २००० साली गॅरकच्या तोंडून ही कादंबरी लिहिली. युद्धात बेचिराख झालेल्या कार्डासियावरून गॅरकने स्थानकावरच्या आपल्या डॉक्टर मित्राला, डॉ. बशीरला, लिहिलेलं लांबलचक पत्र, असं तिचं रूप आहे.

मालिकांवर बेतलेल्या कादंबऱ्यांत इतकं चांगलं लेखन मी क्वचित वाचलंय. तरीही माझं ठाम मत आहे की ती लिहायला नको होती.

'द वायर' (१९९४) हा भाग आठवा. गॅरक मरायला टेकलाय आणि बशीरला आपल्या हद्दपारीची गोष्ट सांगतोय. पुन्हा सांगतो तेव्हा ती बदललेली असते, तिसऱ्यांदा आणखी वेगळी. प्रत्येकीत एलिम नावाचा कुणीतरी असतो, आणि शेवटी कळतं की एलिम हे गॅरकचंच नाव. खरं काय ते मालिकेने सात वर्षांत एकदाही सांगितलं नाही. गॅरकवर जीव जडला तो याच कारणासाठी. कादंबरी येते आणि सांगून टाकते: पॅलंडाइन नावाच्या विवाहित स्त्रीवर त्याचं प्रेम होतं, तिच्या नवऱ्याचा, बारकान लोकारचा, त्याने खून केला. झालं! कार्डासियन हेरखात्याचा प्रमुख एनाब्रान टेन हा त्याचा बाप, हे मालिकेत येतंच, पण टेनच्या घरची मिला त्याची आई असल्याचं तिथे कुणी बोलून दाखवत नाही. इथे तेही उघड. झाकलेलं एक पान उरू दिलं नाही.

सात_टाके
पानगळताई, पत्र लिहितोय कोण, हे विसरताय. गॅरक! आणि लिहितोय कुणाला? ज्याला तो पहिल्या भेटीपासून थापा मारत आला त्या बशीरला. 'द वायर'मध्ये तीन गोष्टी होत्या, ही चौथी समजा. मी तरी ती तशीच वाचली, आणि गूढ कुठे कमी झाल्यासारखं वाटलं नाही.

पानगळ
सात_टाके, ही पळवाट आहे. थापाड्या निवेदकाच्या लेखनात कुठेतरी फट लागते, वाचकाला बोट घालता येईल एवढी. या कादंबरीत तीन काळ एकमेकांत विणलेत: बामारेनच्या शाळेतलं बालपण, युद्धाचे शेवटचे दिवस आणि युद्धानंतरचं कार्डासिया. तिन्ही एकमेकांना दुजोरा देतात. एक जरी प्रसंग दुसऱ्याला खोटं पाडत असेल तर दाखवा. 'तो गॅरक आहे म्हणून खोटं' एवढ्यावर भागत नाही, लेखकाने ते पानावर उतरवायला हवं.

चंद्रमौळी
मला मुळात प्रश्न पडतो की एवढा जीव काढायचा कशाला. ही सगळी परवानगीची पुस्तकं. टीव्हीने मनात आणलं की रद्द. २०२० मध्ये 'पिकार्ड' मालिका आली आणि कादंबऱ्यांनी वीस वर्षं रचलेला इतिहास पडद्यावरच्या इतिहासाशी जुळेनासा झाला. शेवटी २०२१ मध्ये 'कोडा' या तीन कादंबऱ्या काढून तो सगळा कालप्रवाहच मिटवला. ज्या गोष्टीला तिचा मालकच खरी मानत नाही, ती मी कशी मानू?

रेवा_तीरी
चंद्रमौळी, हा हिशेब मला कधीच पटला नाही. शिवाजी सावंतांनी १९६७ मध्ये 'मृत्युंजय'मध्ये कर्णाला बोलतं केलं, तेव्हा कुणाची मोहोर लागली होती? तो कर्ण महाभारतातल्या कर्णाशी शंभर टक्के जुळत नाही म्हणून आपण तो टाकून दिला का? कितीतरी घरांत कर्ण म्हटलं की सावंतांचाच कर्ण डोळ्यांसमोर येतो.

चंद्रमौळी
तुलना आवडली, पण ती माझ्याच बाजूने पडते. महाभारताला मालक नाही. ज्याला वाटेल त्याने कर्ण लिहावा आणि लोकांनी ठरवावं. इथे पात्र कंपनीचं, छापायची परवानगी कंपनीची आणि अंतिम शब्दही कंपनीचा. माझा राग रॉबिन्सनवर नाही. वाचकाने जीव लावायचा आणि कुणीतरी बैठकीत बसून तो खोडायचा, या व्यवस्थेवर आहे.

शिशिर७७
मालकीचं राहू द्या, मला पुस्तकाच्या दुसऱ्या टोकाबद्दल बोलायचंय. पानगळताई हद्दपारीच्या कारणावर अडल्यात. मी दोनदा वाचली, आणि माझ्या लेखी ती प्रेमकथाही नाही आणि खुनाची उकलही नाही. ज्याने राज्यासाठी माणसं छळली, त्याचं राज्यच कोसळल्यावर तो सकाळी उठून काय करतो, याची ती गोष्ट आहे.

पार्माकचं उदाहरण घ्या. 'द डाय इज कास्ट' (१९९५) या भागात टेन आणि गॅरक जुन्या दिवसांच्या गप्पा मारत असतात. त्यात डॉ. पार्माकच्या चौकशीचा विषय निघतो. गॅरकने त्याला हातही लावला नव्हता, फक्त समोर बसून तासन्‌तास टक लावून बघत राहिला आणि पार्माक सगळं कबूल करून मोकळा झाला. पडद्यावर हा दोन वाक्यांचा किस्सा आहे. आपण तो ऐकतो, गॅरकच्या करामतीचं कौतुक वाटतं आणि पुढे जातो. पार्माक पडद्यावर येतसुद्धा नाही.

रॉबिन्सन त्याला माणूस करतात. युद्धाच्या शेवटी डॉमिनियनच्या, म्हणजे कार्डासियाने ज्या परक्या साम्राज्याशी हातमिळवणी केली होती त्याच्या, हुकमाने ऐंशी कोटी कार्डासियन मारले गेलेत, शहराचा ढिगारा झालाय, आणि त्या ढिगाऱ्यात मदतकार्य करताना गॅरकच्या शेजारी उभा राहतो तो हाच पार्माक. ज्या डोळ्यांना घाबरून त्याने कबुलीजबाब दिला, त्याच डोळ्यांच्या माणसाबरोबर त्याला आता काम करायचंय. त्यांच्यात हळूहळू जे जुळत जातं त्याला मैत्री म्हणायलाही मला धीर होत नाही. मालिकेने ज्या क्रौर्यावर आपल्याला खूश केलं, त्याचा जाब ही कादंबरी विचारते. परवानगीच्या पुस्तकांतलं दुसरं कुठलं मूळ मालिकेला असं खडसावतं?

आणि ते स्मारक! टेनच्या पडलेल्या घराच्या आवारात गॅरक एका खोपट्यात राहतोय. घराचे तुकडे उचलून एकावर एक रचायला लागतो. कुणासाठी म्हणून नाही, आवरता आवरता होतं ते. शेजारपाजारची माणसं ते मृतांचं स्मारक समजून तिथे जमायला लागतात. मालिकेच्या शेवटच्या भागात याच ठिकाणी मिला मारली जाते, हे आठवत असेल तर तो भाग वाचणं फार जड जातं.

सात_टाके
+१. पार्माकबद्दल शब्द न्‌ शब्द पटला.

अबोली_जर्द
माझी तक्रार वेगळीच आहे. 'पास्ट प्रोलॉग'मधली गॅरक आणि बशीरची पहिली भेट आठवा, जाता जाता गॅरक त्याच्या खांद्यांवर हात ठेवतो. ते ओढीचं नातं आपण मुद्दाम तसं रंगवलं, असं रॉबिन्सन यांनी नंतर मुलाखतींमध्ये उघड सांगितलंय. त्या काळच्या टीव्हीला ते पुढे नेणं झेपलं नाही. कादंबरीत कॅमेरा नव्हता, वाहिनी नव्हती, पेन त्यांच्याच हातात होतं. आणि लिहिलं काय, तर पॅलंडाइन. मला पॅलंडाइन आवडते, पण ही संधी हुकली याचं अजून वाईट वाटतं.

रेवा_तीरी
अबोली, आयुष्यभर कुणाला खरं न सांगणारा माणूस एवढं मोठं पत्र एकाच व्यक्तीला लिहितो आणि शेवटी तिला आपल्याकडे यायचं आमंत्रण देतो. पॅलंडाइन त्या पत्राचा मजकूर आहे, बशीर त्याचा पत्ता आहे. मला ते पुरेसं स्पष्ट वाटलं.

अबोली_जर्द
मला पुरेसं नाही वाटलं. पत्त्यावर किती दिवस समाधान मानायचं?

शिशिर७७
ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: २०२३ मध्ये ती श्राव्य स्वरूपात आली, वाचन खुद्द रॉबिन्सन यांचं. मालिका चालू असताना ते गॅरकची रोजनिशी लिहायचे आणि चाहत्यांच्या मेळाव्यांत वाचून दाखवायचे. ही कादंबरी त्यातूनच वाढली, त्यामुळे ती कानांनी ऐकण्यात वेगळंच सुख आहे. पुढचं कार्डासिया वाचायचं असेल तर ऊना मॅकॉर्मॅक यांची 'द नेव्हर-एंडिंग सॅक्रिफाइस' (२००९) घ्या. ती माझ्या मते याहून सरस आहे, पण तो वेगळा धागा होईल.

पानगळ
शिशिर, पार्माकची प्रकरणं मलाही थोर वाटतात. पण तुम्ही जे जे सांगितलंत ते सगळं युद्धानंतरच्या भागातलं आहे. तेवढाच भाग ठेवा. पॅलंडाइन आणि लोकारचा खून काढून टाका. पुस्तकाचं काय बिघडतं? काहीच नाही, उलट हद्दपारीचं कारण झाकलेलं राहतं आणि ढिगारा तसाच उभा राहतो.

शिशिर७७
बिघडतं, आणि खूप बिघडतं. बामारेनमध्ये मुलाचं नाव काढून घेतात. एलिमचा 'दहा लुबाक' होतो. तो वाळवंटात एका सरपटणाऱ्या प्राण्याकडे बघत बघत जमिनीशी एकरूप होऊन दिसेनासं व्हायला शिकतो, आणि तिथेच हेही शिकतो की पुढे जायचं तर शेजारच्याला खाली ढकलायचं. लोकार आणि पॅलंडाइन त्याच शाळेतले. लोकार हा त्या शाळेने घडवलेला आदर्श विद्यार्थी आहे, मोठा होऊन सत्तेत जातो. गॅरक त्याला मारतो तेही शाळेनेच शिकवलेल्या पद्धतीने. ऐंशी कोटी माणसं डॉमिनियनने मारली हे खरं, पण डॉमिनियनला घरात घेणारे लोक असल्याच शाळांतून निघाले होते. तुम्ही म्हणता ते काढलं तर कार्डासियावर फक्त बाहेरून संकट कोसळलं असं दिसेल, आणि गॅरकला पत्र लिहायचं कारणच उरणार नाही.