स्लॅब उचलण्याआधी सलाइन : आरएल (रिंगर लॅक्टेट) चालेल का?

प्रश्न : इमारत कोसळली आहे, पेशंटची मांडी चार तास स्लॅबखाली आहे. शुद्धीवर आहे, बीपी ठीक. सलाइन बाहेर काढल्यावर लावायचं की आधीच? ॲम्ब्युलन्समध्ये आरएलच जास्त असतं.

उत्तर १ : आधीच! मोकळा हात हाताशी आला की १८ नंबरची हिरवी कॅन्युला (शिरेत घालायची नळी). मोठ्या माणसाला एनएस (नॉर्मल सलाइन) ताशी १ लिटर, दोन तासांनी अर्धा. वजन सुटताच चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात येतं आणि बोलता-बोलता हृदय बंद पडू शकतं. आरएलच्या लिटरमध्ये ४ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, म्हणून एनएस. १९४१ मध्ये लंडनच्या बॉम्बहल्ल्यातल्या जखमींवरून बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी चिरडल्यानंतर किडनी निकामी होण्याचं वर्णन केलं. तेव्हा माणसं काही दिवसांनी किडनी बंद पडून जात.

उत्तर २ : ताई, वय जास्त किंवा हृदयविकार असेल तर वेग कमी, छाती ऐकत राहा. कॅथेटर (लघवीची नळी) टाकून तासातासाची लघवी लिहा. कोऱ्या चहासारखी दिसली तर मायोग्लोबिन (चिरडलेल्या स्नायूंतलं प्रथिन) समजा. ईसीजीत टी वेव्ह टोकदार झाली (पोटॅशियम वाढल्याची खूण) तर डॉक्टरांच्या ऑर्डरने कॅल्शियम ग्लुकोनेट. सोडाबायकार्ब त्याच लाइनमधून देऊ नका, पांढरा साका बसतो.

उत्तर ३ : टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) फक्त जीवघेण्या रक्तस्रावाला. बांधल्याची वेळ टॅगवर लिहा, गडबडीत नेमकं तेच राहतं.