मदत हवी आहे: लिनक्समध्ये लॅपटॉपचं माइक बंद करायचं बटण चालत नाही

प्रश्न (अमळनेर)
राम राम मंडळी. अहिराणी ओव्या रेकॉर्ड करायच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलंय. आवाजाची नि उजेडाची बटणं चालतात, माइकचं मुकंच. दाबलं की कर्नल लॉगमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदींत) 'अननोन की प्रेस्ड', कोड ०एक्स८ए, आणि खाली 'सेटकीकोड्स ई००ए' वापरा असं येतं. तसं करून त्याला माइक म्यूटच्या बटणाचा नंबर २४८ दिला, तरी डेस्कटॉपला पत्ता नाही. रीबूट केलं की तेही जातं.

उत्तर (धुळे)
भाऊ, लॉगमध्ये ओळ येते म्हणजे अर्धं काम झालं. स्कॅनकोड, म्हणजे बटणाचा कच्चा नंबर, एटीकेबीडी या कीबोर्डच्या ड्रायव्हरपर्यंत पोचतोय, फक्त त्याच्या तक्त्यात या कोडाला बटण नेमलेलं नाही. ओळच आली नसती, तर डब्ल्यूएमआय किंवा एसीपीआय या फर्मवेअरशी बोलणाऱ्या वेगळ्या वाटांच्या ड्रायव्हरकडे शोधावं लागलं असतं.

सेटकीकोड्स तात्पुरतंच असतं. कायमसाठी /ईटीसी/यूडेव्ह/एचडब्ल्यूडीबी डॉट डी या फोल्डरात ९० ने सुरू होणारी, डॉट एचडब्ल्यूडीबीने संपणारी फाइल करा. पहिल्या ओळीत 'ईव्हीडेव्ह:एटीकेबीडी:डीएमआय:' आणि पुढे तुमच्या मशीनची कंपनी नि मॉडेल. दुसरी ओळ: 'कीबोर्ड_की_८ए=एफ२०'. सगळं अर्थातच रोमन लिपीत. कीबोर्ड_की मोठ्या अक्षरांत, ८ए आणि एफ२० लहान. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस हवीच. बहुतेकांचं तिथेच अडतं. ई००ए इथे लिहू नका. ८ए मधला वरचा बिट काढला की ०ए उरतो, आणि त्या बिटाच्या जागी ई० लागतं, कोड तोच.

मग रूट होऊन 'सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट', त्यानंतर 'यूडेव्हएडीएम ट्रिगर'.

प्रश्नकर्ता
एफ२० का? माइकम्यूट असं नावच आहे ना?

उत्तर (धुळे)
आहे, त्याचाच नंबर २४८. पण एक्स११ (डेस्कटॉपला पडदा नि कीबोर्ड पुरवणारी जुनी प्रणाली) कर्नलच्या नंबरात ८ मिळवतं आणि त्याची मर्यादा २५५. म्हणजे २४७च्या वरचं काही त्याला दिसतच नाही. तुमचा २४८ तिथेच गळाला. एफ२० मर्यादेत बसतं, आणि एक्सच्या तक्त्यात ते माइक म्यूटलाच जोडलेलं आहे.

प्रश्नकर्ता
चाललं! पण एकदा दाबलं की माइक बंद-चालू, बंद-चालू होत राहतो. दुसरं बटण दाबल्यावर थांबतो.

उत्तर (जळगाव)
दादा, फर्मवेअर (लॅपटॉपच्या चिपमधला मूळ प्रोग्राम) बटण सोडल्याचा कोड पाठवत नसेल. ईव्हीटेस्ट हे बटणांचे इव्हेंट दाखवणारं साधन लावून बघा: दाबताना व्हॅल्यू १ येईल, सोडताना ० येणार नाही. तसं दिसलं तर एफ२०च्या आधी, बरोबरच्या चिन्हाला चिकटून, उद्गारचिन्ह टाका. मग सोडल्याचा इव्हेंट ड्रायव्हर स्वतःच घालतो. दोन्ही कमांड पुन्हा चालवा.