मेडिकल फिजिक्सच्या पदविकेसाठी अर्ज करायचा आहे, सल्ला हवा

येरळाकाठ

सर्वांना नमस्कार. मी पलूस तालुक्यातील असून शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. शेवटचे सत्र चालू आहे. प्रकल्पासाठी मी गायगर काउंटर वापरून शिसे आणि ॲल्युमिनियम यांतून जाताना गॅमा किरण किती शोषले जातात याचे मोजमाप केले, आणि तेव्हापासून याच विषयात पुढे काम करावे असे मला मनापासून वाटू लागले आहे. कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार देताना डोसाचा हिशेब आणि यंत्राची तपासणी ही जबाबदारी मेडिकल फिजिसिस्टची असते, हे आमच्या सरांनी सांगितले. मात्र आमच्या महाविद्यालयातून या वाटेने गेलेले कोणी माहितीत नाही, म्हणून इथे विचारीत आहे.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील रेडिऑलॉजिकल फिजिक्सची पदविका, म्हणजे डिप. आर. पी., हा माझा पहिला विचार आहे. दुसरा पर्याय म्हणून मेडिकल फिजिक्समध्ये पुन्हा एम.एस्सी. करता येईल, पण त्यात आणखी दोन वर्षे जातील. तिसरीकडे एका खासगी संस्थेने वर्षभराचे प्रमाणपत्र आणि नोकरीची हमी देऊ केली आहे. फी मोठी आहे आणि वडिलांना द्राक्षबागेच्या कर्जातून नुकतेच बाहेर पडता आले आहे, त्यामुळे पैसा विचार करूनच घालावा लागेल. यांपैकी कोणता मार्ग धरावा, तयारी कशी करावी, आणि आयुष्यभर किरणांजवळ काम करण्याबद्दल आईला जी काळजी वाटते तिला काय उत्तर द्यावे, हे जाणकारांनी सांगावे. इंटर्नशिपबद्दलही थोडे सांगितल्यास आभारी राहीन.

किरणमापक

मी सातारा जिल्ह्यात किरणोपचार विभागात मेडिकल फिजिसिस्ट म्हणून काम करतो. तुम्ही सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शेवटी, एका ओळीत विचारला आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. या व्यवसायात पदविका मिळाली म्हणजे पात्रता पूर्ण झाली असे नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या नियमांनुसार किरणोपचार विभागात मेडिकल फिजिसिस्ट म्हणून नेमणूक होण्यासाठी भौतिकशास्त्रातील एम.एस्सी. आणि त्यानंतर मान्यताप्राप्त विद्यापीठाची रेडिऑलॉजिकल किंवा मेडिकल फिजिक्समधील पदविका असावी लागते, किंवा बी.एस्सी.नंतर मेडिकल फिजिक्समधीलच पदव्युत्तर पदवी असावी लागते. आणि या दोन्ही वाटांनी येणाऱ्याला मान्यताप्राप्त, सुसज्ज किरणोपचार विभागात किमान १२ महिन्यांची इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. रुग्णालये आपले यंत्र, आपला सोर्स (किरणोत्सर्गी पदार्थ) आणि आपले कर्मचारी यांची नोंद मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीत करतात, त्यामुळे तिथे न बसणारी पात्रता घेऊन कोणी आले तर रुग्णालयाची कितीही इच्छा असली तरी त्याला त्या पदावर घेता येत नाही.

त्यामुळे ज्या अभ्यासक्रमाचा विचार कराल त्या प्रत्येकाबद्दल पहिला प्रश्न हाच असावा, की शिकवून झाल्यावर इंटर्नशिप कोण देणार, कोणत्या रुग्णालयात, आणि त्या विभागात कोणती यंत्रे आहेत. ज्या संस्थेने तुम्हाला नोकरीची हमी दिली आहे तिला हे सारे लेखी विचारा, आणि पदविका कोणत्या विद्यापीठाची आहे हेही विचारा. उत्तर लेखी मिळत नसेल तर एक रुपयाही भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रामीण भागातील होतकरू मुलांच्या पालकांचा पैसा अशा प्रमाणपत्रांत अडकतो आणि वर्ष संपल्यावर मुलांच्या हाती तंत्रज्ञाच्या पदालाही न चालणारा कागद राहतो, याचे मला फार वाईट वाटते.

डिप. आर. पी. हाच तुमचा पहिला पर्याय असावा. १९६२ पासून चालत आलेला हा अभ्यासक्रम आज होमी भाभा राष्ट्रीय संस्थेशी संलग्न आहे. वर्षभराचे शिक्षण अणुशक्तीनगरला होते, विद्यावेतन मिळते, आणि पुढची इंटर्नशिप कशी व्हायची याची घडी बसलेली आहे. जागा थोड्या असतात आणि त्यांतल्या काही रुग्णालयांनी पुरस्कृत केलेल्या उमेदवारांसाठी असतात. आजवरच्या जाहिरातींत बी.एस्सी. आणि एम.एस्सी. या दोन्ही स्तरांवर किमान ६० टक्के गुणांची अट राहिली आहे. तुमच्या वर्षीच्या जाहिरातीतील वयाची आणि गुणांची अट शब्दशः वाचूनच अर्ज भरा.

आणखी एक आग्रहाची सूचना. अर्ज भरण्याआधी एखादा पूर्ण दिवस किरणोपचार विभागात जाऊन बसा. तुम्हाला त्यासाठी पुण्या-मुंबईला जाण्याची गरज नाही, मिरजेत आणि कराडला असे विभाग आहेत. प्राचार्यांचे पत्र घेऊन विभागप्रमुखांना आधी अर्ज द्या. सकाळी पहिला रुग्ण येण्यापूर्वी तिथे पोहोचलात तर लिनॅकची, म्हणजे किरणोपचाराच्या यंत्राची, रोजची तपासणी पाहायला मिळेल: भिंतीवरचे लेझर जिथे मिळायला हवेत तिथे मिळतात की नाही, यंत्रातून ठरलेला डोस बाहेर पडतो की नाही. रोजच्या तपासणीत हा डोस ३ टक्क्यांच्या आत जुळावा लागतो, महिन्याच्या तपासणीत २ टक्क्यांच्या आत. दिवसभर संगणकावर प्लॅनिंग चालते. डॉक्टर सीटी स्कॅनवर गाठीची आणि जवळच्या निरोगी अवयवांची सीमारेषा आखून देतात, आणि गाठीला पूर्ण डोस मिळावा पण मज्जारज्जू किंवा डोळ्याची नस सुरक्षित राहावी, अशी किरणांची मांडणी फिजिसिस्ट करतो. पाण्याच्या फँटममध्ये, म्हणजे रुग्णाच्या शरीराऐवजी वापरायच्या पाण्याच्या टाकीत, आयनीकरण कक्ष हे किरण मोजण्याचे साधन ठेवून करायची मोजमापे मात्र रुग्ण संपल्यावर, संध्याकाळी किंवा रविवारी होतात. हे वेळापत्रक पाहूनही तुमची इच्छा टिकली, तर मुलाखतीत 'हे क्षेत्र का निवडले' या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला पाठ करावे लागणार नाही.

प्रीतिसंगम

मी मूळची कराडची असून हीच पदविका पूर्ण करून सध्या इंटर्नशिप करीत आहे. वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, म्हणून तयारीपुरतेच लिहिते.

लेखी परीक्षेचा भर भौतिकशास्त्राच्या पायावर असतो. बी.एस्सी. आणि एम.एस्सी.चे विद्युतचुंबकत्व, पुंजयामिकी, अणुकेंद्रीय भौतिकी, इलेक्ट्रॉनिक्स आणि गणिती पद्धती हे विषय पुन्हा मुळातून करा. नेट किंवा गेटची तयारी केलेल्यांना त्याचा चांगला उपयोग होतो. पाठांतरापेक्षा लहान गणिते भराभर सोडवण्याचा सराव ठेवा.

मुलाखतीत तुमच्या प्रकल्पावर प्रश्न आल्याशिवाय राहणार नाहीत, आणि तो किरणांच्या शोषणावरचाच आहे हे तुमचे भाग्य आहे. शिशातून आणि ॲल्युमिनियममधून मिळालेले आलेख वेगळे का आले हे तुम्हाला नीट सांगता आले पाहिजे. प्रकाशविद्युत परिणाम, कॉम्प्टन विकिरण आणि युग्मनिर्मिती यांपैकी कोणती क्रिया कोणत्या ऊर्जेला वरचढ असते, ती अणुक्रमांकावर किती अवलंबून असते, युग्मनिर्मितीला किमान १.०२२ एमईव्ही ऊर्जा का लागते, हे तोंडी समजावून सांगण्याचा सराव करा. अर्धमूल्य जाडी, म्हणजे किरण निम्मे करणारी जाडी, काढली असेलच. नसेल तर प्रकल्प सादर करण्यापूर्वी काढा, गुणही वाढतील. कोबाल्ट-६० चा अर्धायुष्यकाल ५.२७ वर्षे, म्हणजे त्याचा डोसदर महिन्याला साधारण १ टक्का कमी होतो. ब्रेकीथेरपीत, म्हणजे सोर्स गाठीच्या आत किंवा जवळ ठेवून द्यायच्या उपचारात, वापरल्या जाणाऱ्या इरिडियम-१९२ चा सुमारे ७४ दिवस, म्हणून तो सोर्स काही महिन्यांनी बदलावा लागतो. असे हिशेब हातात पेन नसताना करता आले तर समोरच्यांचा विश्वास बसतो. 'भाभाट्रॉन' हे भारतीय बनावटीचे कोबाल्ट यंत्र भाभा केंद्रानेच विकसित केले आहे, त्याची माहिती ठेवा.

भाषेची भीती बाळगू नका. मी शाळेत मराठी माध्यमातच शिकले. उत्तर साध्या इंग्रजीत आणि थेट दिले तरी चालते, गोलगोल बोलणे मात्र त्यांना चालत नाही.

हळदबाजार

थोडे वेगळे मत मांडतो. माझा पुतण्या बी.एस्सी.नंतर थेट चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात मेडिकल फिजिक्सच्या एम.एस्सी.ला गेला आणि त्याचे उत्तम चालले आहे. केवळ एका परीक्षेच्या भरवशावर वर्ष घालवणे योग्य वाटत नाही. हैदराबादच्या उस्मानिया आणि चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातही हा अभ्यासक्रम आहे. या ताईंनी तिकडेही अर्ज करावेत.

किरणमापक

आपला मुद्दा रास्त आहे आणि बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याला मीही तोच सल्ला देतो. परंतु यांची भौतिकशास्त्राची एम.एस्सी. आता पूर्ण होत आली आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी एक वर्षाची पदविका हाच जवळचा मार्ग ठरतो. पहिल्या वर्षी निवड झाली नाही तर दुसरा पर्याय म्हणून या विद्यापीठांचे अर्ज जरूर भरावेत. तिथेही इंटर्नशिपचा प्रश्न आधी विचारावा.

येरळाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. त्या खासगी संस्थेला आजच ईमेल केला आहे. मिरजेच्या एका विभागात जाण्यासाठी आमच्या सरांनी पत्र देण्याचे कबूल केले आहे. आईच्या प्रश्नाचे मात्र अजून काय करावे ते कळत नाही. लग्नानंतर, मूल व्हायच्या वेळी काय, असे ती विचारते, आणि तिला 'काही होत नाही' एवढेच सांगणे मला पटत नाही.

प्रीतिसंगम

माझ्या घरीही हाच प्रश्न होता, आणि तुमच्या आईंनी तो विचारला हे योग्यच केले. त्यांना आकड्यांनी उत्तर द्या. किरणांशी संबंधित काम करणाऱ्यासाठी आपल्याकडे ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेला किरणांचा डोस मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे. किती डोस मिळाला हे कळण्यासाठी प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी बॅज असतो, तो ठरावीक काळाने मोजणीसाठी पाठवला जातो आणि त्याची नोंद नोकरी बदलली तरी आपल्या मागे येते. लिनॅक चालू असताना आत फक्त रुग्ण असतो. आपण सुमारे २ मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतीपलीकडे, कॅमेऱ्यावर त्याला पाहत बसतो, आणि दार उघडे असेल तर किरण सुरूच होत नाहीत. माझ्या बॅजची नोंद आजवर त्या मर्यादेच्या जवळपासही गेलेली नाही. गर्भारपण कळवले की उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळणार नाही अशा रीतीने काम वाटून द्यावे लागते, आणि ते पाहण्याची जबाबदारी संस्थेवर असते. प्लॅनिंगचे काम तर संगणकावरच असते, ते त्या काळातही करता येते.

शक्य असेल तर आईंना त्या दिवशी सोबत घेऊन जा. कंट्रोल रूममध्ये थोडा वेळ बसू देण्याची विभागप्रमुखांना विनंती करा. माझ्या आईने ती जाड भिंत आणि ते दार पाहिले, आणि त्यानंतर तिने हा विषय काढला नाही.

निवृत्त अध्यापक, सांगली

मी अनेक वर्षे पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवले. शास्त्राचे सारे वर आलेच आहे, मी कागदपत्रांबद्दल लिहितो, कारण हुशार मुलांचे अर्जही तिथेच अडताना मी पाहिले आहेत.

तुमची गुणपत्रिका श्रेणी पद्धतीची असेल, तर तिचे टक्केवारीत रूपांतर केल्याचे विद्यापीठाचे अधिकृत पत्र आत्ताच मागवा. कोल्हापूरला परीक्षा विभागात शेवटच्या आठवड्यात गर्दी असते. शेवटच्या सत्राचा निकाल यायचा असल्यास तसे प्रमाणपत्र महाविद्यालयाकडून घ्या. आरक्षणाखाली अर्ज करणार असाल तर राज्याच्या नमुन्यातील दाखला केंद्राच्या संस्थेत चालत नाही. इतर मागासवर्गाचा दाखला केंद्रीय नमुन्यात, चालू वर्षाच्या नॉन-क्रिमिलेयरसह लागतो. सेतू केंद्रात अर्ज देतानाच 'केंद्र शासनाचा नमुना' असे स्पष्ट सांगा, अन्यथा ते नेहमीचाच नमुना भरतात. दहावीच्या प्रमाणपत्रावरील आणि आधारवरील नाव एकसारखे आहे ना, हेही तपासा.

शिफारसपत्र लागल्यास ते प्रकल्प मार्गदर्शकांकडूनच घ्यावे. वर्गात पहिली आली असे लिहिलेल्या पत्रापेक्षा, हिने काउंटरचा डेड टाइम (एक नोंद झाल्यावर पुढची घेता न येणारा क्षण) स्वतः मोजून वाचनांत दुरुस्ती केली, असे एक वाक्य असलेले पत्र मी तरी अधिक मोलाचे मानीन. अर्थात तुम्ही ते केले असेल तरच.

येरळाकाठ

सर, डेड टाइमची दुरुस्ती केली आहे, दोन सोर्सच्या पद्धतीने. रूपांतराच्या पत्रासाठी सोमवारी कोल्हापूरला जाते. परीक्षा मुंबईला असल्यास आदल्या दिवशी जावे की रात्रीच्या गाडीने, एवढे प्रीतिसंगम ताईंनी सांगावे.

प्रीतिसंगम

आदल्या दिवशीच जा. रात्रीची महालक्ष्मी सोयीची आहे, पण तिला उशीर झाला तर परीक्षेची वेळ चुकेल. केंद्र अणुशक्तीनगर परिसरात आले तर हार्बर मार्गावरचे मानखुर्द स्थानक जवळ पडते. प्रवेशपत्राच्या दोन प्रती आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, फाटकावर तपासणी कडक असते आणि मोबाइल आत नेता येत नाही असे धरूनच निघा.