दोन बोअरमध्ये खडक लागला म्हणजे झालं?
वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की मसुरीच्या उतारावर बांधकामाआधी जमीन तपासायला मारलेल्या दोन बोअरमध्ये खडक लागला, आता फाउंडेशनची चिंता नाही. नाही पटलं. तिथली क्रोल नावाची चुनखडी पाण्याने विरघळते, त्यामुळे लागलेला खडक म्हणजे नुसता सुळका किंवा वरून घरंगळलेला धोंडाही असू शकतो आणि दोन मीटर बाजूला मातीने भरलेली पोकळी, म्हणून खडक लागल्यावरही प्रत्येक फुटिंगखाली (खांबाच्या पायाखाली) काही मीटर पुढे ड्रिल करायलाच हवं.

आणि ड्रिलरची रोजची नोंदवही मागून घ्याच हो! रॉड कुठे अचानक खाली सटकला, ड्रिल करताना सोडलेलं, परत वर येणारं पाणी कुठे एकदम बंद झालं, पोकळीचा माग तिथेच लागतो, कोअर बॉक्सच्या (बोअरमधून काढलेले खडकाचे नमुने ठेवायच्या पेटीच्या) फोटोवरून नीट कळत नाही. रेझिस्टिव्हिटी सर्व्हे (जमीन विजेला किती विरोध करते ते मोजणं) केलात तर हवेची पोकळी जास्त रीडिंग देते, ओल्या मातीने भरलेली कमी, त्यामुळे रीडिंग फार जास्त येईल तिथेही आणि फार कमी येईल तिथेही बोअर मारा.